‘रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की!’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात सायन्स-इंजिनिअरिंगमधल्या लिखाणाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, वाटलं व्याकरणाचं वगैरे विचारतील लोक. पण निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच निघाला, की आम्ही काम नीट करतो मग त्या लिहिण्याच्या मागे एवढं काय लागता. काही प्रश्न निवडून खाली दिलेत, लांबलेले थोडे छाटलेत.

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट मस्त झालाय, मॉडेल चालतंय, रीडिंग्ज पण छान आलीत. आता फक्त लिहायचं राहिलंय, पण गाईड मॅडमनी रिपोर्ट दुसऱ्यांदा परत पाठवला, म्हणतात क्लिअर नाही. इंजिनिअरला भाषेचं एवढं काय?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर : ‘फक्त लिहायचं राहिलंय’ म्हणजे काम राहिलंय, असं मी म्हणेन. तुझं मॉडेल तुझ्या टेबलावर चालतंय ते ठीक, पण उद्या कोणीतरी तुझा कागद वाचून त्यावर काहीतरी ठरवणार, आणि तेव्हा तू शेजारी उभी राहून ‘नाही नाही, मला तसं नव्हतं म्हणायचं’ असं सांगायला नसणार.

एक उदाहरण सांगतो. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया स्पेस शटल उडालं तेव्हा दीड मिनिटाच्या आतच बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. यान वर असताना इंजिनिअर लोकांनी नुकसान किती झालं असेल याचा अंदाज काढला आणि तो स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचं टायटल वाचलं तर वाटतं, जुन्या टेस्ट बघता आपला अंदाज सुरक्षित बाजूलाच आहे. बसलेल्या माणसाच्या डोक्यात तेच राहणार ना. आणि त्याच स्लाइडच्या अगदी तळाला, छोट्या अक्षरात, बुलेटच्या आत बुलेट, तिथे लिहिलंय की टेस्ट केलेला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि आत्ताचा अंदाजे १९२०. म्हणजे ६४० पट! जी टेस्ट ६४० पट लहान तुकड्यावर झालीये तिच्या जोरावर वरचं टायटल उभं होतं. १ फेब्रुवारीला परत येताना यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. चौकशी समितीने त्या स्लाइडवर आपल्या अहवालात वेगळी टीका केली आहे. यान वाचलंच असतं असं मी म्हणत नाहीये, तो वेगळा वाद आहे. पण माहिती कागदावर होती, फक्त शेवटच्या ओळीत होती, आणि शेवटच्या ओळीपर्यंत मीटिंगमध्ये कोण जातं?

आता तुझ्या रिपोर्टकडे ये. तू पाठवलेला भाग वाचला. पहिली चार पानं हीट एक्स्चेंजर म्हणजे काय आणि त्याचं महत्त्व, आणि तुला जे सापडलं, की एका ठराविक फ्लो रेटच्या वर एफिशियन्सी पडायला लागते, ते सतराव्या पानावर ग्राफच्या खाली एका वाक्यात. ते उचल आणि पहिल्या पानावर टाक, आकड्यासकट. त्याच्या लगेच खाली रीडिंग्ज कुठल्या रेंजमध्ये घेतलीस आणि कुठल्या घेतली नाहीस ते लिही, त्यात लाजायचं काहीच नाही. आणि ‘रिझल्ट समाधानकारक आले’ हे वाक्य काढून टाक, समाधान तुझं झालं, वाचणाऱ्याला आकडा हवाय. मॅडमना नेमकं हेच म्हणायचं असणार, पण त्यांच्याकडे तुझ्यासारखे अजून कितीतरी रिपोर्ट पडलेत त्यामुळे नुसतं ‘नॉट क्लिअर’ लिहून पाठवतात, आता तेही काही फार क्लिअर नाही म्हणा.

प्रश्न : मी मेंटेनन्सला आहे. धोका दिसला की रिपोर्टमध्ये लिहितोच, पण वरचे वाचतच नाहीत. मशीन बसलं की मात्र आम्हालाच विचारतात आधी का नाही सांगितलं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं म्हटलं की म्हणतात कुठे? लिहून उपयोग तरी काय?
(एक मेंटेनन्स इंजिनिअर)

उत्तर : तुमचा राग कळतो. आणि आधीच कबूल करून टाकतो की स्पष्ट लिहिलं म्हणजे लोक ऐकतातच असं नाही.

चॅलेंजर शटलचंच बघा. २८ जानेवारी १९८६ ला ते उडाल्यावर ७३ सेकंदांत नष्ट झालं, कारण बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या बाजूच्या रॉकेटच्या, जोडातलं रबरी सील, ज्याला ओ-रिंग म्हणतात, ते थंडीत कडक झालं आणि गरम गॅस बाहेर आला. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतला रॉजर बॉईजोली नावाचा इंजिनिअर, त्याने त्याच्या सहा महिने आधी, ३१ जुलै १९८५ ला वरिष्ठांना मेमो लिहिला होता. त्यात त्याने आडपडदा ठेवला नाही, हे सील फेल झालं तर माणसं मरतील असं सरळ लिहिलं. यापेक्षा स्पष्ट काय लिहिणार? त्यामुळे दोष नेहमी लिहिणाऱ्याचाच असतो असं कोणी म्हणालं तर मी तरी मानणार नाही.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू पण आहे. उड्डाणाच्या आदल्या रात्री फोनवर मीटिंग झाली, इंजिनिअर म्हणत होते ५३ डिग्री फॅरनहाइटच्या खाली उडवू नका. घाईघाईत १३ चार्ट तयार करून फॅक्सने पाठवले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण आधीच्या सगळ्या उड्डाणांचं तापमान एका बाजूला आणि सीलला झालेलं नुकसान दुसऱ्या बाजूला असा एकही चार्ट त्यात नव्हता. ज्या उड्डाणांमध्ये सीलला काहीच झालं नव्हतं ती तर कोणी विचारातच घेतली नाहीत, आणि गंमत म्हणजे उत्तर त्यांच्यातच होतं. नंतर चौकशी आयोगाने सगळी एकत्र मांडली तेव्हा चित्र असं दिसलं : ६६ डिग्री किंवा जास्त तापमानात २० उड्डाणं, त्यात त्रास फक्त तिघांत. ६३ किंवा कमी तापमानात ४ उड्डाणं, चारांपैकी चारात त्रास. आणि त्या दिवशी सकाळी तापमान होतं ३६. ही दोन वाक्यं त्या रात्री टेबलावर असती तर ‘तुमच्याकडे पुरावा काय’ असं विचारणं फार अवघड गेलं असतं. मॅनेजरवरचं प्रेशर होतंच, ते काही चार्टने जात नाही, पण डोळ्यासमोर असा आकडा असताना ‘नाही’ ला ‘हो’ करणाऱ्या माणसाला निदान त्याच्याखाली सही करताना विचार करावा लागतो.

आता तुम्ही नमुना म्हणून पाठवलेल्या रिपोर्टमधलं वाक्य :

‘पंप क्र. २ चे निरीक्षण केले असता बेअरिंगच्या तापमानात काही प्रमाणात वाढ झाल्याचे निदर्शनास आले असून सदर बाब गांभीर्याने घेऊन योग्य ती कार्यवाही होणे आवश्यक आहे.’

साहेब, हे वाचून मी पण पान उलटलं असतं. काही प्रमाणात म्हणजे किती? योग्य ती कार्यवाही म्हणजे काय आणि ती करायची कोणी? कधीपर्यंत? तुम्हाला या सगळ्याची उत्तरं माहीत आहेत, सोबतच्या चिठ्ठीत तुम्ही ती मला लिहिली पण आहेत, फक्त रिपोर्टमध्ये नाहीत! त्या चिठ्ठीवरूनच मी हे असं केलं :

‘पंप २ चं बेअरिंग या आठवड्यात बदलावं लागेल. तापमान ९५ डिग्री सेल्सियसपर्यंत जातंय, लिमिट ८० आहे, तीन आठवड्यांपूर्वी ७२ होतं. बदलेपर्यंत लोड पंप १ वर घ्या. कामाला सहा तास शटडाऊन लागेल, त्याची परवानगी शुक्रवारपर्यंत हवी.’

यात नवीन माहिती एकही नाही. पण आता वाचणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावं लागतं, आणि मला वाटतं बरेच लोक मुद्दाम पहिल्यासारखं लिहितात ते यामुळेच, कारण पहिल्या वाक्यात लिहिणारा सेफ असतो, कशालाच बांधलेला नसतो. तुम्ही तसे नाही हे पत्रावरून दिसतं, तुम्हाला फक्त ‘ऑफिसची भाषा अशीच असते’ अशी सवय लागलीये. आणि हो, हे दोनशे ओळींच्या मंथली रिपोर्टमध्ये टाकू नका, वेगळा मेल करा, विषयाच्या जागी ‘मंथली रिपोर्ट’ न लिहिता ‘पंप २ : शटडाऊनची परवानगी हवी’ असं लिहा.

प्रश्न : मी पीएचडी करतोय. सोप्या भाषेत पेपर लिहिला की आमच्या लॅबमध्ये म्हणतात ‘लाइट’ वाटतो, जरा वजनदार कर. काय करू?
(एक संशोधक विद्यार्थी)

उत्तर : वजन डेटाने येतं. या विषयावर एक मजेशीर अभ्यास पण झालाय, डॅनियल ओपेनहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००६ मध्ये छापला. त्याने एकच मजकूर साध्या शब्दांत आणि उगाच जड शब्दांत असा लोकांना वाचायला दिला आणि लिहिणारा किती हुशार वाटतो ते विचारलं, तर जड लिहिणाऱ्याला कमी मार्क मिळाले. पेपरचं टायटल त्याने मुद्दाम अगडबंब ठेवलं होतं आणि त्याला त्या वर्षीचं साहित्याचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीशीर बक्षीस, मिळालं.

हा त्रास जुना आहे बरं. मायकेल फॅरेडेचं शाळेचं शिक्षण फारसं नव्हतं, गणित तर जवळपास नाहीच, पण वीज आणि चुंबकाचे प्रयोग त्याने केले तसे कोणी केले नाहीत. तरुण मॅक्सवेलने त्याच्या कल्पना गणितात मांडायला घेतल्या तेव्हा १८५७ मध्ये फॅरेडेने त्याला पत्र लिहून विचारलं, की गणितज्ञ निष्कर्षाला पोचला की ते निष्कर्ष फॉर्म्युल्याइतक्याच स्पष्टपणे साध्या भाषेत पण सांगता येणार नाहीत का, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील. बघ, त्याला शिकवणी नको होती, त्याला पुढचं काम करायचं होतं! तुझा पेपर पण दुसऱ्या कोणालातरी पुढचं काम करायलाच हवाय.

आणि डीएनएची रचना सांगणारा वॉटसन-क्रिकचा पेपर, २५ एप्रिल १९५३ चा, जेमतेम एका पानाहून थोडा जास्त आहे, एक आकृती, आणि सुरुवातच अशी की आम्ही डीएनएसाठी एक रचना सुचवू इच्छितो. लाइट म्हणायची कोणाची हिंमत आहे?

तरी एक सांगतो, सोपं म्हणजे शास्त्रीय शब्द काढून टाकायचे असं नाही. तुझ्या फील्डमधला माणूस ‘एन्ट्रॉपी’ वाचून अडखळत नाही, तिथे तू गोल गोल समजावत बसलास तर उलट वैतागेल तो. अडखळतो कुठे, तर ‘यावरून सदर प्रक्रियेचा काही अंशी प्रभाव असल्याचे सूचित होण्याची शक्यता नाकारता येत नाही’ अशा ठिकाणी. शंका असेल तर जरूर लिही, शंका लिहिणं हे तर सायन्सचं कामच आहे, पण एका वाक्यात एकदाच, आणि शंका कशामुळे आहे ते लिही : सॅम्पल कमी होते, की कंट्रोल नीट नव्हता, की मशीनची एररच तेवढी आहे. ‘अमुक केले गेले’ ही वाक्यरचना मेथडमध्ये चालते, तिथे सोल्युशन कोणी ढवळलं याच्याशी कोणाला घेणंदेणं नसतं. पण निष्कर्षात ‘असे मानले जाते’ लिहिलंस तर रिव्ह्यूअर विचारणारच, कोण मानतं? तू की बाकीचे?

प्रश्न : मी डेव्हलपर आहे. आमच्याकडे डॉक्युमेंटेशन कोणी वाचत नाही, म्हणून आम्ही लिहीत पण नाही. कोड हेच डॉक्युमेंटेशन. चूक आहे का?
(एक डेव्हलपर)

उत्तर : कोड वाचणारे तुम्ही, पण तो वापरणारा जो बसलाय तो कोड बघतच नाही, त्याला दिसते तुम्ही स्क्रीनवर टाकलेली एक ओळ. ती पण लिखाणच झाली ना?

थेराक-२५ नावाचं कॅन्सरवर रेडिएशन द्यायचं मशीन होतं. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना भयंकर जास्त डोस दिला, काही जण त्यात गेले. मुळात चूक सॉफ्टवेअरची आणि हार्डवेअरचे सेफ्टी लॉक काढून टाकल्याची, ते सगळं खरं. पण १९८६ मधल्या एका केसमध्ये ऑपरेटरला स्क्रीनवर काय दिसलं ते बघा : ‘मालफंक्शन ५४’. बस. हातातल्या मॅन्युअलमध्ये या आकड्याचा अर्थ नाही. दुसऱ्या एका कागदावर अर्थ होता, ‘डोस इनपुट २’, त्यातून तिला काय कळणार? कंपनीने नंतर सांगितलं की याचा अर्थ दिलेला डोस एकतर खूप जास्त आहे किंवा खूप कमी. म्हणजे मारणारा आणि निरुपद्रवी, दोन्हीला एकच मेसेज! वर स्क्रीनवर डोस कमीच गेलाय असं दिसत होतं, मशीन असे मेसेज रोजच टाकायचं, आणि ‘पी’ दाबलं की पुढे जायचं. तिने ‘पी’ दाबलं. तिच्या जागी मी असतो तर मीही दाबलं असतं.

थ्री माईल आयलंडच्या अणुभट्टीत, २८ मार्च १९७९ ला, असंच काहीसं. एक व्हॉल्व्ह उघडा अडकला होता, पण पॅनेलवरचा दिवा विझला होता. तो दिवा व्हॉल्व्ह बंद ‘झालाय’ असं सांगत नव्हताच, बंद व्हायची ‘ऑर्डर गेलीये’ एवढंच सांगत होता. ऑपरेटर समजले व्हॉल्व्ह बंद आहे, आणि दोन तासांहून जास्त वेळ भट्टी थंड ठेवणारं पाणी निघून जात राहिलं. तुमच्या ॲपमध्ये ‘पेमेंट सक्सेसफुल’ येतं ते पैसे पोचल्यावर की रिक्वेस्ट गेल्यावर? आत्ता जाऊन बघा.

त्यामुळे शंभर पानी मॅन्युअल नका लिहू, खरंच कोणी वाचणार नाही. एरर मेसेजमध्ये काय झालं, आत्ता काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे तीन लिहा. आणि निर्णय घेताना कारण लिहून ठेवा. कोड काय करतो ते कोड सांगतो, पण तो असाच का लिहिला आणि दुसरा रस्ता का सोडला, हे कोडमध्ये सापडत नाही, आणि वर्षभराने तुम्हालाही आठवणार नाही.

प्रश्न : लॅबमध्ये आम्ही सगळे एकच युनिट वापरतो, मग दर आकड्यापुढे लिहायची काय गरज? सगळ्यांना माहीतच असतं.
(एक लॅब टेक्निशियन)

उत्तर : ‘सगळ्यांना माहीतच असतं’ म्हणून १९८३ च्या जुलैमध्ये एअर कॅनडाच्या एका बोईंग ७६७ चं इंधन ४१ हजार फुटांवर संपलं. विमानाला २२,३०० किलो हवं होतं. टाकीत काडी घालून लिटर मोजले, लिटरचे किलो करायला एका लिटरचं वजन साधारण ०.८ धरायला हवं होतं, धरलं १.७७, जे पौंडातलं आहे. हे नवीन विमान किलोवालं, बाकीची सगळी पौंडवाली, सवय पौंडाची. मग २२,३०० पौंड घेऊन निघाले, म्हणजे निम्म्याहून कमी. पायलटने ग्लायडरसारखं तरंगवत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि ६९ च्या ६९ माणसं वाचली, पण ते त्याचं कौशल्य, हिशोबाचं नाही.

नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मात्र वाचलं नाही, २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ गेलं ते गेलंच. एका टीमचं सॉफ्टवेअर पौंड-फोर्स-सेकंदात आकडे देत होतं, दुसरी टीम ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती, फरक ४.४५ पटीचा. स्पेसिफिकेशनमध्ये न्यूटन-सेकंदच लिहिलं होतं बरं का, म्हणून कागद एकदा लिहून कपाटात ठेवला की झालं असंही नाही, आकडा जिथे जिथे जाईल तिथे युनिट त्याला चिकटून गेलं पाहिजे.

तुम्ही लॅबवाले आहात म्हणून अजून एक, ‘५.०’ मिलिग्रॅम लिहू नका, टिंब पुसट झालं की ५० होतं. आणि ‘.५’ पण नको, ‘०.५’ लिहा.

प्रश्न : आता एआयकडून रिपोर्ट लिहून घेतला तर हे सगळे प्रश्नच मिटतील ना?
(एक वाचक)

उत्तर : वाक्यं नीट होतील. पण ६४० पट हा आकडा टायटलमध्ये पाहिजे की तळाला, हे ज्याने टेस्ट बघितली त्याला ठरवायचंय. ते ठरवून मग घ्या लिहून, माझी काही हरकत नाही, पण प्रत्येक आकडा परत आपल्या वहीशी ताडून बघा.

प्रश्न : आमच्या प्लांटची एसओपी (काम कसं करायचं त्याच्या ठरलेल्या स्टेप्स) मी लिहितोय. ऑपरेटर लोक पाळत नाहीत असं सुपरवायझर म्हणतात. भाषा कशी असावी?
(एक प्रोसेस इंजिनिअर)

उत्तर : विमानांच्या मेंटेनन्स मॅन्युअलसाठी एक ठरवलेली साधी इंग्रजी आहे, तिचे नियम सरळ चोरा. स्टेपचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, एका वाक्यात एकच सूचना (दोन गोष्टी एकाच वेळी करायच्या असतील तरच एकत्र), आणि एका वस्तूला सगळीकडे एकच नाव. तुमच्या ड्राफ्टमध्ये तोच व्हॉल्व्ह एकदा ‘इनलेट व्हॉल्व्ह’, एकदा ‘मेन व्हॉल्व्ह’ आणि आठव्या स्टेपला ‘वरील व्हॉल्व्ह’ झालाय. शाळेत सांगायचे शब्दाची पुनरुक्ती टाळा, ते निबंधात, इथे नाही.

सावधानतेची सूचना त्या स्टेपच्या आधी टाका. तुमच्याकडे सहाव्या स्टेपला झाकण उघडायला सांगितलंय आणि सातव्यात लिहिलंय की उघडण्यापूर्वी प्रेशर शून्य असल्याची खात्री करावी! तोपर्यंत उघडलेलं असतं ना हो. ‘खात्री करावी’ पण नको, ‘गेज पीजी-३ बघा, काटा शून्यावर नसेल तर थांबा’ असं लिहा.

मग ड्राफ्ट घेऊन ज्याने ते मशीन कधी चालवलं नाही अशा ऑपरेटरकडे द्या, पुरवठा बंद ठेवून करून दाखवायला सांगा, आणि तुम्ही मध्ये एक शब्द बोलू नका. जिथे तो थांबून तुमच्याकडे बघेल तिथे पेन्सिलने खूण करा, ती स्टेप परत लिहायची. सुपरवायझरना पण सोबत उभं करा, पाळत नाहीत की कळत नाही ते त्यांनाही दिसेल.